काडतुसाचं प्रादेशिक साहित्य

मी सांगलीत शाकाहारी घरात वाढलो. बंदूक पाहिली ती बँकेच्या दारातल्या वॉचमनच्या खांद्यावर, तीही चालते की नाही याची शंका यावी अशी. त्यामुळे हरणाच्या शिकारीसाठी कुठलं काडतूस घ्यावं या विषयावर आयुष्यभर भांडलेल्या दोन अमेरिकन लेखकांबद्दल मी लिहायला बसलोय, हे मलाच जरा विचित्र वाटतंय. पण गेली तीन वर्षं मी नोकरीसाठी आयडाहो राज्यात, बॉयझी शहरात राहतो. माझा टीम लीड दर ऑक्टोबरला शिकारीला जातो आणि वर्षभर संध्याकाळी गॅरेजमध्ये बसून स्वतःची काडतुसं स्वतः भरतो. पहिल्या हिवाळ्यात मला दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून मी तिथं जाऊन बसायला लागलो. हातात प्रथम आलं ते काडतुसं भरण्याचं मॅन्युअल. मग त्याच्या फळीवरचा जॅक ओ'कॉनर. मग एल्मर कीथ.

आधी थोडं काम समजून घेऊ. झाडलेल्या काडतुसाचं पितळी नळकांडं मागे उरतं. ते साच्यात दाबून मूळ मापाला आणायचं, बुडाशी नवा प्रायमर बसवायचा, आत तोलून दारू घालायची आणि तोंडाशी गोळी दाबून बसवायची. दारू आणि गोळी दोन्ही ग्रेनमध्ये मोजतात. सात हजार ग्रेन म्हणजे एक पौंड, म्हणजे एक ग्रेन साधारण ६५ मिलिग्रॅम. माझा लीड ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत तोलतो. आई केशर मोजते त्याच्यापेक्षाही बारकाईनं.

मॅन्युअल हा साहित्यप्रकार म्हणून मला फार आवडला. प्रत्येक काडतुसाला एक छोटी प्रस्तावना, मग चाचणीची रायफल, नळीची लांबी आणि त्यानंतर पानंच्या पानं तक्ते: गोळीचं वजन, दारूचं नाव, सुरुवातीचं माप, कमाल माप, वेग. सूचना एकच आणि ती पुन्हा पुन्हा: खालून सुरू करा, थोडं थोडं वर जा, प्रायमर चपटा दिसला किंवा बोल्ट उघडायला जड गेला तर थांबा. प्रायमरचा चपटेपणा म्हणजे एरर लॉगच. पण शिकारीसाठी वाचल्या जाणाऱ्या या पुस्तकाच्या शेकडो पानांत हरीण जवळजवळ नसतंच. गोळी नळीच्या तोंडातून बाहेर पडली की तक्ता संपतो. पुढचं कुणीतरी दुसऱ्यानं लिहायचं. ते ओ'कॉनर आणि कीथनं लिहिलं.

ओ'कॉनर १९०२ मध्ये ॲरिझोनात जन्मला. शिकारीवर लिहिणाऱ्या लेखकाची जी प्रतिमा आपल्या डोक्यात असते तिच्यात तो बसत नाही. टूसॉनच्या विद्यापीठात तो इंग्रजी आणि पत्रकारिता शिकवायचा. बंदुकांवर लिहून नाव होण्याआधी त्याच्या नावावर कादंबरी होती. पुढे 'आउटडोअर लाइफ' या मासिकाचा तो बंदूक-संपादक झाला आणि .२७० विंचेस्टर या काडतुसाशी त्याचं नाव कायमचं चिकटलं. १९२५ साली आलेलं हे काडतूस बारीक आणि वेगवान आहे: १३० ग्रेनची, म्हणजे साडेआठ ग्रॅमच्या आतली गोळी, वेग सेकंदाला तीन हजार फुटांच्या वर.

त्याचं गद्य वाचताना जाणवतं की या माणसाला वाक्य कुठं संपवायचं ते कळतं. वाळवंटातली सकाळ, ओढ्याची कोरडी पात्रं, समोरच्या उतारावर सावलीत बसलेलं हरीण, तिथवर पोचायला लागलेला वेळ, आणि मग गोळी. गोळीचं वर्णन सगळ्यात छोटं. स्वतःच्या चुकांवर तो हसतो. रायफलच्या प्रेमात पडलेल्या लोकांवरही हसतो आणि आपणही त्यातलेच हे लपवत नाही.

कीथ त्याच्या अगदी उलट. १८९९ चा जन्म, मिझुरीतला. लहानपणी मोंटाना राज्यात एका आगीत इतका भाजला की वाचेल असं वाटत नव्हतं. पुढे आयडाहोतल्या सॅमन गावाजवळ त्यानं गुरं पाळली, शिकाऱ्यांना वाट दाखवण्याचं काम केलं. त्याचं 'बिग गेम रायफल्स अँड कार्ट्रिजेस' १९३६ चं. आत्मचरित्राचं नाव 'हेल, आय वॉज देअर!', म्हणजे 'अहो, मी होतो ना तिथं!' या नावातच त्याची सगळी शैली आली. तो लिहीत नाही, पारावर बसून सांगतो. एका गोष्टीच्या पोटातून दुसरी निघते, घोड्याचं नाव आठवतं पण साल नाही. वाक्यं गाडीला जुंपलेल्या नव्या बैलांसारखी इकडंतिकडं ओढतात. आणि प्रत्येक गोष्टीचा शेवट एकच: गोळी मोठी हवी, जड हवी. .२७० सारखी काडतुसं एल्कवर चालवणाऱ्यांबद्दल त्याच्या मनात खरा राग आहे. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला चुलतभाऊ. नर तीनशे किलोच्या पुढे जातो.

दोघं अनेक वर्षं मासिकांच्या पानांवरून एकमेकांना टोमणे मारत राहिले. गंमत म्हणजे ओ'कॉनरही पुढे आयडाहोतच, लुइस्टन गावी राहायला आला. एकाच राज्यात दोन पीठं.

आता इथं माझ्यातला इंजिनिअर जागा होतो. या भांडणाला नंतरच्या चाहत्यांनी आकड्यांचं रूप दिलं आणि आकडे काढण्याच्या पद्धतीतच निकाल दडलेला आहे. गतिज ऊर्जेच्या सूत्रात वेगाचा वर्ग येतो, म्हणून वेगवान, हलकी गोळी चांगले मार्क मिळवते. जॉन टेलर या आफ्रिकेतल्या हत्तीच्या शिकाऱ्यानं १९४८ च्या पुस्तकात वेगळं सूत्र मांडलं: वजन गुणिले वेग गुणिले व्यास. त्यात जड, जाड गोळी जिंकते. .२७० ची १३० ग्रेनची गोळी ३०६० फुटांच्या वेगानं आणि कीथच्या कल्पनांशी नातं सांगणाऱ्या .३३८ विंचेस्टर मॅग्नमची २५० ग्रेनची गोळी २६६० फुटांनी, अशी तुलना करून बघा. ऊर्जेत थोरलीला धाकटीच्या सुमारे दीडपट गुण मिळतात. टेलरच्या सूत्रानं थेट दुप्पट. गोळ्या त्याच. वर टेलरचं सूत्र हत्तीसाठीचं. हत्तीच्या कवटीचा हिशेब हरणाच्या फुप्फुसांना लावायचा म्हणजे ट्रकचं मायलेज बघून सायकल घेण्यासारखं आहे.

शिकाऱ्यांमध्ये एक नियम फिरतो की हरणाला हजार फूट-पौंड ऊर्जा लागतेच. हा आकडा कुठून आला ते मला कुणीही समाधानकारक सांगितलेलं नाही. याच आयडाहोत लोक धनुष्यबाणानं हरणं मारतात आणि त्या बाणाची ऊर्जा शंभर फूट-पौंडांच्याही आत असते. बाण कापत जातो, गोळी फाडत जाते. दोन्हीत मरण येतं ते रक्तानं. आमच्या ऑफिसात याला व्हॅनिटी मेट्रिक म्हणतात: मोजायला सोपं, स्लाइडवर छान दिसतं, आणि प्रश्नाशी फारसा संबंध नाही.

म्हणून मी हे दोघे वेगळ्या पद्धतीनं वाचायला लागलो. व्यंकटेश माडगूळकर वाचताना आपण विचारत नाही की माणदेशातला दुष्काळ 'बरोबर' की कोकणातला पाऊस 'बरोबर'. तो प्रदेश आहे आणि भाषा त्या प्रदेशातून आली आहे. ओ'कॉनर आणि कीथ हे मला तसे प्रादेशिक लेखक वाटतात. फरक इतकाच की त्यांचा प्रदेश काडतुसाच्या मापातून बोलतो.

ओ'कॉनरचा प्रदेश ॲरिझोना आणि सीमेपलीकडचा सोनोरा. कोरडा, उघडा, उन्हात लांबवर दिसणारा. तिथलं त्याचं लाडकं हरीण म्हणजे कूझ जातीचं पांढऱ्या शेपटीचं; मोठा नरही पन्नास किलोच्या आसपास. ते दुर्बिणीतून आधी दिसतं, शिकारी बसतो, दम खाली येऊ देतो, हरीण आडवं उभं असतं. अशा ठिकाणी सपाट जाणारी हलकी गोळी म्हणजे दोनशे यार्ड की अडीचशे हा अंदाज चुकला तरी नेम चुकत नाही. कीथचा प्रदेश म्हणजे सॅमन नदीच्या खोऱ्यातलं दाट सूचीपर्णी जंगल, बर्फ आणि झाडीतून पाठ करून पळणारा एल्क. तिथं गोळी मागून शिरून मोठं कोठं आणि हाडं ओलांडत छातीपर्यंत पोचायला हवी. हलकी गोळी वाटेतच फुटते. मग रात्रभर बर्फात रक्त शोधत फिरायचं. कीथ अशा रात्रींमधून लिहितो. त्याचा राग तिथला आहे.

हे एकदा दिसलं की भांडण विरघळतं, आणि चाहत्यांनी या दोघांचं काय केलं तेही दिसतं. ओ'कॉनरला त्यांनी '.२७० वाला' करून टाकलं. प्रत्यक्षात तो .३०-०६ लाही तितकंच मानायचा, पन्नाशीच्या दशकात भारतात वाघाच्या शिकारीला आला तेव्हा .२७० वर विसंबला नव्हता, आणि गोळी कुठं लागते हे कुठली आहे त्यापेक्षा महत्त्वाचं, हे त्यानं शेकडो वेळा लिहिलं. त्याच्या आवडत्या दारूचं नेमकं मापही आज जिथंतिथं आढळतं. मी ते इथं देत नाही. ती दारू मुळात दुसऱ्या महायुद्धानंतर उरलेली, विमानविरोधी तोफांसाठीची. आज त्याच नावानं डब्यात मिळते ती नव्यानं बनवलेली असते, रायफल वेगळी असते, नळकांडं वेगळं असतं. पन्नास वर्षांपूर्वीचा कोड कॉपी-पेस्ट करून प्रॉडक्शनला टाकायचा आणि इथं प्रॉडक्शन म्हणजे तुमच्या गालापासून चार बोटांवर.

कीथचं तर एकाच प्रसंगात विडंबन झालं. त्यानं सांगितलंय की .४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हरनं त्यानं सहाशे यार्डांवरच्या म्यूल डिअरला गोळी घातली. लोक आजही भांडतात की हे शक्य आहे का, म्हातारा थापा मारतोय का. मी तो उतारा तीनदा वाचला. मला त्यात अंतरापेक्षा दुसरंच काही दिसलं. ते हरीण साथीदाराच्या गोळीनं आधीच जखमी झालेलं होतं आणि पळत होतं. कीथच्या हातात जे होतं त्यानं तो झाडत राहिला. आधीच्या गोळ्या चुकल्या हेही तोच सांगतो. बढाई आहेच, पुस्तकाच्या नावापासून आहे. पण त्या बढाईच्या तळाशी जखमी जनावर आहे. ओ'कॉनरचं गद्य जास्त चांगलं, यात मला शंका नाही. पण त्याच्या सुंदर सकाळींमध्ये हरीण बहुतेक वेळा जागीच पडतं. चांगल्या लेखकाला शेवट नीट हवा असतो. कीथला शेवट नीट करता येत नाही, म्हणून जखमी जनावर त्याच्या पानांवर जास्त वेळ जिवंत राहतं. समीक्षक म्हणून मला ओ'कॉनर हवा, पण माग काढताना बरोबर कीथ असलेला बरा.

या दोघांच्या मधे मला जॉन नोस्लर ठेवावासा वाटतो. तो लेखक नव्हे. १९४६ साली कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात त्याच्या गोळ्या चिखल वाळून चिलखत झालेल्या मूसच्या अंगावर फुटून गेल्या, खोल शिरल्याच नाहीत. परत येऊन त्यानं अशी गोळी बनवली जिच्या तांब्याच्या कवचात मधोमध आडवी भिंत आहे. पुढचा भाग उमलतो, मागचा भाग भिंतीमागे शाबूत राहतो आणि पुढे जात राहतो. १९४८ पासून ती विकायला आली. कीथ आणि ओ'कॉनर ज्यावर भांडत होते त्यातला निम्मा प्रश्न त्या भिंतीनं सोडवला. सुरुवातीला अशी गोळी हवी तर काडतूस स्वतःच भरावं लागे. हातानं भरण्याचं खरं कारण मला तिथं कळलं. वेगासाठी नव्हे, पैसे वाचवायला तर नव्हेच (गॅरेजमधली यंत्रं बघितलीत तर तुम्हीही म्हणाल). आपल्या प्रदेशात, आपल्या टप्प्यात, आपल्या जनावराच्या आत गोळी कशी वागावी हे ठरवता यावं, म्हणून.

दोघांच्या लिखाणात एक गोष्ट मात्र अजिबात नाही: गोळीतलं शिसं नंतर कुठं जातं. कॅलिफोर्नियात काँडोर गिधाडं शिकाऱ्यांनी मागे टाकलेली आतडी खाऊन शिशाच्या विषानं मरत होती. तिथं १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्या बंद आहेत. निखळ तांब्याची गोळी तेवढ्याच वजनाला लांब होते, नळकांड्यात जास्त जागा खाते, मग सगळे तक्ते नव्यानं. पुन्हा प्रदेश काडतूस ठरवतो, फक्त आता त्या प्रदेशात गिधाडही आहे.

गेल्या ऑक्टोबरला मी लीडबरोबर गेलो. रायफल त्याची, परवाना त्याचा. मी पाण्याच्या बाटल्या आणि दुर्बीण. त्याचं काडतूस सात महिन्यांच्या चाचण्यांतून आलेलं होतं. शंभर यार्डांवर तीन भोकं एका नाण्याखाली झाकली जात. मी स्वतः पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सेजच्या झुडपांच्या उतारावर म्यूल डिअरचा नर दिसला, दोनशे यार्डांच्या थोडा पुढे. तो उभा होता. लीडनं श्वास सोडला. आणि त्याच क्षणी नरानं एक पाऊल पुढं टाकलं.

एकच पाऊल. गोळी छातीऐवजी मागे, पोटात लागली. मला आवाजाआधी त्याची पाठ वाकलेली दिसली. मग तो उतारापलीकडे गेला.

आम्ही पाच तास शोधलं. पोटात लागलेल्या जनावराचं रक्त फार पडत नाही. पडतं ते हिरवट, वासाचं. लीड गुडघ्यांवर बसून पान पान बघत होता आणि बोलत नव्हता. दुपारी एका घळीत तो सापडला, मान वर धरून बसलेला, जिवंत. दुसरी गोळी पंधरा यार्डांवरून. मांस आम्ही गाडीपर्यंत वाहून आणलं. खाण्याजोगं मांस टाकून जायला इथला कायदा मनाई करतो आणि त्यानं तसंही टाकलं नसतं. मी खाल्लं नाही. वाहिलं मात्र.

पुढच्या आठवड्यात गॅरेजमध्ये गेलो तर तो दारूचं माप बदलत होता. अर्ध्या ग्रेननं. म्हणाला, वेग थोडा कमी पडला. मी मान हलवली. गप्प बसल्याचं मला अजून वाईट वाटतं, कारण बग त्या फाइलमध्ये नव्हताच. गोळी पोचायला सेकंदाचा चौथा भाग लागतो, अर्ध्या ग्रेननं त्यात नाव घेण्यासारखा फरक पडत नाही. बग असलाच तर तो दोनशे यार्डांमध्ये होता, अजून साठ-सत्तर यार्ड रांगत जाण्याच्या आमच्या आळसात होता. पण रांगण्याचा तक्ता कुठल्या मॅन्युअलमध्ये नाही. हातात जे मोजता येतं ते माणूस बदलतो. मीही स्प्रिंटच्या शेवटी हेच करतो.

त्यानंतर मी ओ'कॉनर पुन्हा काढला आणि या खेपेला त्याच्या बायकोसाठी वाचला. एलेनॉर ओ'कॉनर. ती ७×५७ माउझर वापरायची, त्या काळच्या मानानंही मवाळ काडतूस. नवरा सांगतो की ती क्वचितच दुसरी गोळी झाडायची आणि तिच्या खात्यावर हरणांपासून एल्कपर्यंत सगळं होतं. आपल्याकडं जिम कॉर्बेट ज्यांनी वाचलाय त्यांना हे काडतूस माहीत आहे, फक्त वेगळ्या नावानं. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यावर १९०७ साली संयुक्त प्रांताच्या लेफ्टनंट गव्हर्नरनं त्याला भेट दिलेली .२७५ रिग्बी, ती हीच. काडतुसाचं जर्मन माप इंग्रजांनी आपल्या पद्धतीनं वाचलं, एवढाच फरक. कॉर्बेटही काडतुसाबद्दल फार बोलत नाही. तो पायवाटेबद्दल, वाऱ्याच्या दिशेबद्दल आणि भेकराच्या ओरडण्याबद्दल बोलतो.

कीथच्या हिशेबानं ७×५७ एल्कला अपुरं. ऊर्जेच्या हिशेबानं .२७० च्या मागे. तक्त्यांत एलेनॉर कुठंच जिंकत नाही. तिला रायफलचा धक्का कमी बसायचा म्हणून ती दचकत नसे, हे कारण नवरा देतो आणि ते पटतंही. पण ती किती जवळ जायची, किती वेळ थांबायची, कुठल्या हरणावर गोळी झाडायचीच नाही असं ठरवायची, यातलं मला काहीच सापडलं नाही. तिचं आपल्यापर्यंत जे पोचतं ते नवऱ्याच्या लेखांमधल्या दोन-चार ओळींतून, कधी कौतुकानं तर कधी थट्टेनं. या सगळ्या साहित्यात जिचं पुस्तक मला वाचायचं होतं, ते तिचं.

लीडला मी हे सांगितलं. त्यानं फळीवरून मॅन्युअल काढलं आणि ७×५७ चं पान उघडून माझ्यासमोर ठेवलं. मी म्हटलं, यात नाहीये ते. तो म्हणाला, माहीत आहे, पण इथून सुरुवात तर कर.